नाकेबंदींतील संसार

नाकेबंदी हा शब्द ऐकला म्हणजे लढाऊ गलबतें, तोफा आणि नकाशावरील तांबड्या रेघा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु ज्यांच्यावर ती येते, त्यांना ती प्रथम दिसते स्वयंपाकघरांत. मिठाची बरणी अर्धी झाली, घासलेटच्या डब्याचा तळ दिसूं लागला, पोराचा ताप उतरेना आणि दवाखान्यांतील बाटली रिकामी आहे असें कळलें, म्हणजे घरांतल्या बाईला राजकारण समजूं लागतें. गाझा पट्टींतील लोकांच्या हालअपेष्टांच्या बातम्या गेलीं कांहीं वर्षें आपल्या वर्तमानपत्रांत येत आहेत. त्या वाचतांना, ही दूरदेशची कथा आहे, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः नाकेबंदी, सशस्त्र टोळ्या आणि युद्ध या तिहींच्या कचाट्यांत सांपडलेला संसार कसा असतो, हें नांदेड आणि लातूरकडील घरांनीं ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत अनुभविलें आहे. त्या अनुभवाचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

तेव्हांचें हैदराबाद संस्थान विस्तारानें सुमारें ८२,००० चौरस मैलांचें होतें. सन १९४१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर भरली होती. एवढ्या मोठ्या राज्याला समुद्रकिनारा मात्र वीतभरहि नव्हता. मुंबई, मद्रास आणि मध्यप्रांत-वऱ्हाड या प्रांतांनीं तें चहूंकडून वेढलेलें होतें. जोंधळा, कापूस, करडई, भुईमूग, तूर हें सारें मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत पिके. पण मीठ पिकत नसे, घासलेट निघत नसे, आणि विलायती औषध तर बाहेरूनच यावयाचें.

नांदेड हें जिल्ह्याचें ठाणें गोदावरीच्या कांठीं वसलेलें. तेथून मनमाडकडे जाणारी रेल्वे हा मुंबईचा रस्ता, आणि उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड. लातूर आज जिल्ह्याचें ठिकाण आहे. पण तो जिल्हा सन १९८२ चा. त्या काळीं लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, तथापि पेठ मोठी आणि नांवाजलेली. सन १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांवरील चिमुकली गाडी तेथें येत असे. आडतीवरचा कापूस आणि गळिताचें धान्य घेऊन ती बार्शी-कुर्डुवाडीकडे जाई, आणि परततांना मीठ, कापड, घासलेट, औषधें घेऊन येई. बार्शी मुंबई इलाख्यांत, लातूर निजामाच्या राज्यांत. मध्यें करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. नाण्यांतहि भेद होता. संस्थानांत हाली शिक्का, बाहेर कलदार. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, हा हिशेब तिकडच्या पोरांना पाढ्यांबरोबरच शिकावा लागे. सारांश, घराचें दार एका राज्यांत आणि बाजार दुसऱ्या राज्यांत, अशी ही मांडणी होती. दोन्ही राज्यांत सलोखा असेपर्यंत ती कोणास टोंचत नसे.

इंग्रज गेल्यावर निजामानें हिंदी संघराज्यांत सामील होण्याचें नाकारलें. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांनीं हिप्परगा आणि अंबाजोगाई येथें मुलांना शिकविलें होतें, ते १५ ऑगस्ट १९४७ लाच तुरुंगांत गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं दोन्ही सरकारांमध्यें एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोंच भांडण पुन्हां सुरू झालें. हैदराबाद सरकारनें मौल्यवान धातु संस्थानाबाहेर नेण्यास बंदी केली आणि कलदार नाणें व्यवहारांत चालणार नाहीं असा वटहुकूम काढला. इकडे हिंदुस्थान सरकारनें शस्त्रें, पेट्रोल आणि लष्करास उपयोगी पडेल असा माल संस्थानांत जाऊं देण्याचें बंद केलें. एका सरकारनें आंतून कुलूप घातलें, दुसऱ्यानें बाहेरून घातलें. दार मात्र एकच होतें, आणि आंत राहणारीं माणसें दोन्ही कुलुपांच्या किल्ल्या नसलेलीं होतीं.

याचा अर्थ व्यवहारांत काय होतो, तें पाहण्यासारखें आहे. बार्शीचा व्यापारी हाली रुपया घेण्यास कचरतो, आणि लातूरच्या व्यापाऱ्यानें कलदार घेतला तर तो गुन्हा ठरतो. सोलापूरच्या गिरणींत राबणाऱ्या मुलानें आईला चार कलदार पाठविले, तर त्या चार रुपयांचें मीठ तिनें कोठें घ्यावें? शेतकऱ्याचा माल आडतीवर आहे, पण त्याचें गिऱ्हाईक सरहद्दीपलीकडे आहे. धान्याचें पोतें घरांत असूनहि मनुष्य नडूं शकतो, हा नाकेबंदीचा पहिला धडा होय. उपासमार म्हणजे केवळ अन्नाचा अभाव असें आपण समजतों. पुष्कळदां ती देवघेवीचा अभाव असते.

पेट्रोलचें उदाहरण याहून बोधप्रद आहे. पेट्रोल ही लष्करी वस्तु होय यांत शंका नाहीं. रझाकारांच्या मोटारी त्यावरच धांवत. परंतु निजामाच्या रेल्वेखात्यानें सन १९३२ पासून सुरू केलेल्या प्रवासी मोटारीहि त्यावरच धांवत, आणि आडगांवच्या अडलेल्या बाळंतिणीला जिल्ह्याच्या दवाखान्यांत नेणारी मोटारहि दुसऱ्या कशावर चालत नसे. हैदराबाद सरकारची तक्रार अशी होती कीं, औषधें आणि पिण्याचें पाणी शुद्ध करण्याचें क्लोरिन यांचीहि अडवणूक होत आहे. हिंदुस्थान सरकारचा खुलासा असा कीं, निर्बंध लष्करी उपयोगाच्या मालापुरतेच आहेत. हा वाद ऑगस्ट १९४८ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपर्यंत गेला. परंतु वादाचा निकाल कांहींहि लागो, एक गोष्ट उघड आहे. औषध अडवावें असा हुकूम कोणी लिहीत नाहीं. पण औषध ज्या गाडीनें यावयाचें ती गाडी उभी राहिली, म्हणजे परिणाम तोच होतो. यादींत नसलेली वस्तु देखील यादींतल्या वस्तूच्या मागोमाग नाहींशी होते.

वस्तूंच्या टंचाईवर माणसाला कांहीं तरी तोड काढतां येते. भीतीवर तोड नसते. लातूरचे वकील कासिम रझवी हे इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे पुढारी झाले, आणि त्यांच्या रझाकारांनीं खेड्यापाड्यांत दहशत बसविली. पुढें झालेल्या एका चौकशींत असें नमूद आहे कीं, रझाकार गांवावर दरमहा कांहीं रक्कम बसवीत. ती मुकाट्यानें दिली तर गांव बचावे. नाकारली तर लूट होई. लुटीस विरोध केला तर जाळपोळ, खून आणि स्त्रियांवर अत्याचार. २२ मे १९४८ रोजीं गाणगापूर स्टेशनांत मेलगाडीवर झालेल्या हल्ल्यानें रेल्वेचा प्रवासहि निर्भय राहिला नाहीं, हें सर्वांस कळून चुकलें. दुसऱ्या बाजूस बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा सरहद्दीवरील गांवीं स्टेट काँग्रेसचीं शिबिरें होतीं. तेथून तरुण रात्रीं येत आणि करोडगिरीचे नाके जाळीत. त्यांचें धैर्य मोठें होतें आणि हेतु स्वातंत्र्याचा होता. पण रात्रीं नाका जळे आणि सकाळीं त्याचा जाब जवळच्या गांवाला द्यावा लागे, हेंहि तितकेंच खरें आहे.

मग घरें रिकामीं होऊं लागलीं. बायका-मुलें बैलगाड्यांतून बार्शीकडे, सोलापुराकडे, पैनगंगेपलीकडे वऱ्हाडांत नातलगांकडे जाऊं लागलीं. ज्यांना परमुलखांत नातलग नव्हते ते मागें राहिले. शाळेंतल्या बांकांवर जागा रिकाम्या दिसूं लागल्या. याच काळांत मध्यप्रांत-वऱ्हाडांतून भ्यालेलीं मुसलमान कुटुंबें उलट दिशेनें संस्थानांत आश्रयास येत होतीं. एकाच नदीच्या उतारावर एक गाडी या तीरावरून त्या तीरास चालली आहे, दुसरी त्या तीरावरून या तीरास. दोन्ही गाड्यांत तींच भांडीं, तेंच अंथरूण, तसेंच रडणारें मूल. दोन्ही गाड्यांना निघावयास लावणारे मात्र आपापल्या ठिकाणीं सुरक्षित होते.

या काळोखांत उघड बोलणारे लोक निघाले नाहींत असें नाहीं. ऑगस्ट १९४८ मध्यें सात मुसलमान गृहस्थांनीं एक जाहीर पत्रक काढलें. संस्थानानें हिंदी संघराज्यांत सामील व्हावें आणि रझाकार संघटना मोडावी, अशी त्यांत मागणी होती. त्यांपैकीं एक, फरीद मिर्झा, हे नांदेड जिल्ह्यांत महसूल खात्याचे अधिकारी होते. जें चाललें होतें तें न पाहवून त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला. हें पत्रक हैदराबादच्या ‘इमरोज’ पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनीं छापलें. त्याच महिन्यांत भर रस्त्यांत त्यांचा खून झाला. धर्मावरून माणसाची बाजू ठरविणाऱ्यांनीं हीं दोन नांवें विसरूं नयेत.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य संस्थानांत शिरलें. मेजर जनरल चौधरी यांची तुकडी सोलापूरकडून नळदुर्गावरून निघाली, दुसरी औरंगाबादेकडून आली. १७ तारखेस निजामानें शस्त्रें खालीं ठेवल्याचें जाहीर केलें. पांच दिवसांत तेरा महिन्यांचें दुःस्वप्न संपलें. नाके उघडले, गाड्या सुटल्या, परागंदा झालेलीं कुटुंबें घरीं परतलीं. नांदेड, लातूर आणि सगळ्या मराठवाड्यांत १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आजहि पाळला जातो, आणि तो आनंद खोटा नव्हता.

पण कथा येथें संपविली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. नाकेबंदी उठली त्या आठवड्यांत दुसऱ्या घरांवर संकट कोसळलें. रझाकार कोण आणि शेजारचा मोमीन विणकर कोण, हा विवेक अनेक ठिकाणीं सुटला. पंतप्रधान नेहरू यांच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्यें संस्थानच्या सोळांपैकीं नऊ जिल्ह्यांत फिरले. सैन्य आलें त्या वेळीं आणि त्यानंतर, अगदीं सावध अंदाजानें, निदान २७,००० ते ४०,००० माणसें प्राणांस मुकलीं, असें त्यांनीं लिहिलें. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ पोहोंचली होती. कांहीं ठिकाणीं सैन्याच्या व पोलिसांच्या माणसांनीं लुटीस उत्तेजन दिलें, तर कांहीं ठिकाणीं अधिकाऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून लोकांचें रक्षण केलें, असेंहि त्यांत आहे.

लातूरविषयीं त्या अहवालांत जें लिहिलें आहे तें वाचतांना मन थिजतें. रझवींचें गांव म्हणून तेथें सूडाची धार अधिक होती. कत्तल वीस दिवसांहून अधिक काळ चालली. सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीपैकीं जेमतेम तीन हजार लोक या मंडळाला गांवांत आढळले; एक हजारावर मारले गेले होते, आणि उरलेले नेसत्या वस्त्रांनिशीं पळाले होते. त्यांत सधन कच्छी व्यापारी होते, तसे हातावर पोट असलेलेहि होते. आदल्या वर्षीं ज्या बाजूनें एक शेजारी गांव सोडून गेला होता, त्या बाजूनें तो परत आला. आणि दुसरा शेजारी त्याच वाटेनें निघून गेला. सुक्याबरोबर ओलेंहि जळतें अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर पुष्कळसें सुकें आधींच निसटून गेलें होतें, आणि ओलेंच जळत राहिलें.

हा अहवाल अनेक वर्षें लोकांपुढें आला नाहीं. त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र आंकड्यांत नाहीं. एका ठिकाणीं मुसलमान विणकरांवर जमाव चालून आला, तेव्हां हिंदु विणकर आडवे आले आणि त्यांपैकीं कांहींनीं त्यासाठीं प्राणहि गमावले, असें त्यांत नमूद आहे. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना सोडवून आणण्यास अनेक हिंदूंनीं साह्य केलें, हेंहि त्यांत आहे. एकाच सुताचे व्यापारी, एकाच मापाचे माग आणि एकच मंदीचा मोसम ज्यांनीं मिळून सोसला होता, त्यांचा एकमेकांवरील विश्वास टिकला. नाकेबंदी आणि दहशत यांनीं पुष्कळ ठिकाणीं मोडलें तें हेंच. माणसें एकमेकांच्या दुकानीं जात नाहींशीं झालीं, एकमेकांच्या गाडींत बसत नाहींशीं झालीं, आणि मग शेजारी केवळ त्याच्या धर्माच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. नाक्यावर अडलेलें मीठ नाका उघडतांच येतें. हा विश्वास तसा परत येत नाहीं.

आतां गाझाकडे वळूं. ही भूमीची चिंचोळी पट्टी अवघी ३६५ चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहानशा तालुक्याएवढी. तींत वीस लाखांहून अधिक लोक राहतात. सन २००७ मध्यें हमास या संघटनेनें तेथील सत्ता बळकावल्यावर इस्रायलनें तिची नाकेबंदी केली. दक्षिणेस रफाहचें दार इजिप्तकडे उघडतें. तेंहि पुष्कळदां बंदच असे. येथेंहि दोन कुलपें आणि एकच घर. सिमेंट, नळ, रसायनें या वस्तु युद्धासहि उपयोगी पडतात म्हणून त्यांची यादी झाली. त्याच वस्तूंनीं घर बांधलें जातें आणि पाणी शुद्ध होतें. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमध्यें सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं आणि सुमारें २५० माणसें ओलीस म्हणून नेलीं गेलीं. त्यानंतरच्या युद्धांत गाझांत, तेथील आरोग्य खात्याच्या गणतीप्रमाणें, साठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. २ मार्च २०२५ पासून सुमारें अकरा आठवडे तेथें अन्न, औषध, इंधन यांपैकीं कांहींच जाऊं दिलें गेलें नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानें काम करणाऱ्या तज्ज्ञांनीं गाझा शहराच्या परिसरांत दुष्काळ असल्याचें जाहीर केलें. ऑक्टोबरमध्यें युद्धबंदी झाली.

मराठवाड्याची आणि गाझाची बरोबरी सर्वांशीं होत नाहीं. मराठवाड्यांतील बहुसंख्य लोकांना नाक्यापलीकडच्या राज्यांतच जावयाचें होतें, आणि तेरा महिन्यांनीं सरहद्दच पुसली गेली. गाझांतील मूल नाकेबंदींत जन्मून नाकेबंदींतच मोठें झालें. पैनगंगेसारखा उतार त्याला कोठेंच नव्हता. तरी स्वयंपाकघरांतून पाहिलें तर साम्य नजरेआड करतां येत नाहीं. इंधन थांबलें कीं भटारखान्याची भट्टी थांबते, पाण्याचा पंप थांबतो, दवाखान्यांतील वीज जाते. १९४८ मध्यें पेट्रोलचें जें झालें तेंच हें, फक्त शतपटीनें. आणि घरांतल्या बाईला या भांडणांत कोणाची बाजू न्यायाची, हें विचारण्याची तसदी कोणीहि घेत नाहीं.

नाकेबंदी कधींच करूं नये, असें म्हणणें सोपें आहे. राज्यकर्त्यांपुढें कित्येकदां तिच्याहून भयंकर पर्याय उभे असतात. परंतु ती करणाऱ्यानें आणि तिला साद देणाऱ्या लोकांनीं दोन प्रश्न टाळूं नयेत. पहिला असा कीं, अडविलेल्या मालाच्या मागोमाग न अडविलेला कोणता माल थांबतो? दुसरा असा कीं, दार उघडेल त्या दिवशीं आंतल्या शेजाऱ्यांत काय शिल्लक राहिलेलें असेल? १९४८ मध्यें पहिल्या प्रश्नावर सुरक्षा समितीपर्यंत वाद झाला. दुसरा कोणी विचारला नाहीं, आणि त्याचें उत्तर लातूरच्या गल्ल्यांत मिळालें.

दरवर्षीं १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरच्या शाळांतून झेंडा फडकतो आणि हुतात्म्यांचीं नांवें घेतलीं जातात. तीं घेतलीं पाहिजेत. त्यांच्याबरोबर बार्शीच्या वाटेवर निघालेली बैलगाडी, नोकरी सोडणारे फरीद मिर्झा, आणि मुसलमान विणकरांसाठीं प्राण देणारे ते हिंदु विणकर, ज्यांचीं नांवेंहि आज कोणास ठाऊक नाहींत, यांचीहि गोष्ट मुलांना सांगावी. ती ऐकलेलीं मुलें मोठीं होऊन परदेशच्या युद्धाची बातमी वाचतील, तेव्हां कोण जिंकलें हें विचारण्याआधीं तेथें आज चूल पेटली कीं नाहीं हें विचारतील.